मोठ्या धक्क्याचं कोणी विचारलं नाही

कोणतीही लांब वस्तू दिसली की तिच्या टोकाला बोट लावून ती हलवून बघायची, ही मास्तरांची खोड. शिडी, पंख्याचं पातं, गॅलरीचा कठडा, काहीही. हलवायचं आणि ओठांतल्या ओठांत मोजायचं, किती हेलकाव्यांत थांबते ते. जरीपटक्याच्या बाजारात एका मिठाईवाल्यानं त्यांना आपली पाटी हलवताना पकडलं होतं.

"मास्टरजी, क्या कर रहे हो?"

"तुम्हारा बोर्ड छह झोके खाता है. चार होना."

मिठाईवाल्यानं दुसऱ्या दिवशी पाटीला आणखी एक तार बांधून घेतली. तुम्ही-आम्ही असतो तर दोन शिव्या खाऊन आलो असतो.

माझी ओळख झाली तीही अशीच. महागाईविरुद्ध आमची सभा चालली होती. मी पत्रकं वाटत होते आणि हे गृहस्थ भाषणाकडे पाठ करून भोंग्याचा बांबू हलवत होते. मला वाटलं, साध्या कपड्यातला पोलीस. तसं विचारलंसुद्धा.

"नाही वं पोरी," ते म्हणाले. "हा बांबू हवेनं पडत नाही. सायकल धडकली तर मात्र पडते. धक्का केवढा, थे आधी सांगा लागते."

हे त्यांचं कायमचं वाक्य. तब्येत कशी आहे असं विचारलं तर म्हणत, "लहान धक्क्याले ठीक."

ते इंजिनिअरिंग कॉलेजात निदेशक होते. प्रोफेसर नव्हेत, प्रोफेसर फळ्यावर जे लिहीत ते हे पोरांना करून दाखवत. कॉलेजात वाऱ्याचा एक बोगदा होता, आत ठेवलेल्या वस्तूवर वारा सोडून ती कशी वागते ते बघायचा. प्लायवुडचा, एका टोकाला मोठा पंखा, मधे काचेची खिडकी. तो त्यांनी स्वतःच्या हातानं बांधला होता. त्यावर टेकून कोणी उभं राहिलं तर ते हळूच त्याचा खांदा धरून बाजूला करत, जसं काही आत कोणी झोपलंय.

आता सुखदेवची गोष्ट सांगायला हवी. गावात ग्लायडर उडवणारा एक क्लब होता. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान; त्याची सगळी मदार लांब पंखांवर. सुखदेव तिथे दोर ओढण्याच्या कामावर लागला आणि दहा वर्षांत स्वतः शिकवणारा वैमानिक झाला. क्लबच्या कमिटीतल्या काहींना तो कधीच पचला नाही, हे मी स्पष्ट लिहिते. त्याच कमिटीनं हौसेनं एका जुन्या ग्लायडरचे पंख आणखी लांब करून घेतले. मे महिन्याच्या भर दुपारी सुखदेव ते घेऊन वर गेला. तापल्या जमिनीवरून उठलेल्या वाऱ्याचा एक जबर तडाखा बसला. पंख फडफडू लागले ते थांबेचनात. एक बिजागरी निखळली. त्यानं कसंबसं ते माळावर उतरवलं. पाय मोडला, जीव वाचला.

कमिटी म्हणाली, त्यानं वेगाच्या काट्याची लाल रेघ ओलांडली. सुखदेव म्हणाला, काटा रेघेच्या बराच अलीकडे होता. चौकशी बसली. लायसन्स जाणार की राहणार, म्हणजे सुखदेवचं पोट आणि नाव, एवढाच प्रश्न होता.

मी धावत मास्तरांकडे गेले. ते त्याआधीच सायकलवरून जाऊन मोडलेल्या पंखाची मापं घेऊन आले होते. महिनाभरात त्यांनी त्याचं लहान रूप तयार केलं आणि बोगद्यात लावलं. पंखा सुरू झाला; वारा लाल रेघेच्या बराच अलीकडचा. त्यांनी एका काडीनं पंखाच्या टोकाला हलकी टिचकी मारली. पंख चार वेळा हलला, थांबला.

"पाह्यलं? मेला कंप. आता पाह्य."

वारा तेवढाच. या वेळी टिचकी जोरात. पंख वर-खाली होऊ लागला, पिळायला लागला आणि थांबेना. कंप वाढतही नव्हता, मरतही नव्हता; पंख एका लयीत नाचत राहिला. आम्ही दोघं काचेला नाक लावून बघत होतो.

"रेघ वेगावर मारली यायनं," ते म्हणाले. "धक्क्यावर कोण मारन? पोरगा खरं सांगून राहिला."

"चौकशीत हे बोलाल, सर?"

"बोलीन ना. हे का माह्या मनचं हाये? बोगदा बोलून राहिला."

मी पत्रक काढलं. पाचशे प्रती. जाड अक्षरात छापलं की कॉलेजातला जाणकार सत्य सांगणार आहे.

चौकशीच्या दिवशी सुखदेव कुबड्या घेऊन पहिल्या रांगेत होता. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून आले. अध्यक्षांनी विचारलं, "लाल रेघेच्या आतल्या वेगाला पंख हलला, तर कंप आपोआप थांबतो का?"

"थांबतो, साहेब."

मी पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. ते वाक्य मी शंभरदा ऐकलं होतं. ते आलं नाही.

मी उभी राहिले. "मोठ्या धक्क्याचं विचारा."

"पत्रकं बाहेर वाटा," अध्यक्ष म्हणाले. लोक हसले. मग त्यांनी मास्तरांना विचारलं, "या म्हणतात तसं काही आहे का?"

मास्तरांनी खिशातला रुमाल काढून परत ठेवला. "कॉलेजचं यंत्र मुलांना दाखवण्यापुरतं आहे, साहेब. त्यावरून खऱ्या विमानाचं मला सांगता येणार नाही."

मला. त्यांच्या तोंडून 'मले'शिवाय काही ऐकलं नव्हतं मी.

रेघेच्या आत कंप थांबतो म्हणजे रेघ ओलांडलीच, असं ठरलं आणि सुखदेवचं लायसन्स गेलं.

दुसऱ्या दिवशी मी नंदनवन वस्तीत त्यांच्या घरी गेले. "काहून?" एवढंच विचारलं. ते दारातच उभे राहिले. प्रिन्सिपॉल क्लबच्या कमिटीवर होते आणि यांच्या रिटायरमेंटला दोन वर्षं होती. ते मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांनाही.

"विचारलं थे सांगतलं वं," ते म्हणाले. "तुले पत्रक काढून घरी जाता येते. मले उद्या तिथंच जा लागते."

पुढच्या पत्रकात मी त्यांचं नाव छापलं, फितूर म्हणून. आज ते नाव मी लिहीत नाही, पण तो शब्दही मागे घेत नाही. लोक म्हणतात, शेवटी तो नोकरदार माणूस. सुखदेवही नोकरदारच होता.

गेल्या महिन्यात ते वारले. सुखदेव आता गांधीबागेत एका कापडाच्या दुकानात आहे. त्याला सांगायला मीच गेले. तो लठ्ठ्याचं ठाण उलगडत होता. हात थांबले.

"तरीच या महिन्यात आला नाही," तो म्हणाला.

"इथे यायचे?"

"दर महिन्याले. बसे. कामाचं काही बोले नाही. मी चहा पाजो."

"त्या माणसाला तू चहा पाजत होतास?"

"मंग काय करू, ताई? मी रेघ ओलांडली नाही, हे तुम्ही समदे मानता. त्याले मात्र थे माहीत होतं."

गिऱ्हाईक खोळंबलं होतं. सुखदेवनं मीटर उचलला आणि कापड मोजायला लागला.