आहेरावरचा एक

वरचा एक टाकल्याशिवाय ह्यांनी आयुष्यात कुणाला आहेर केला नाही. लग्न असो, मुंज असो, बारसं असो, पाचशेचं पाकीट असेल तर पाचशे एक, हजाराचं असेल तर हजार एक. पूर्ण रक्कम दिली की हिशेब संपतो, वरच्या एकाने नातं पुढे चालू राहतं, असं ते लेकीला लहानपणी सांगायचे. नाशिकहून येताना एक रुपयाचं नाणं चिकटवलेली पाकिटं बॅगेत घालून आणायचे. मी चिडायचे. लोणच्याच्या बरणीला जागा नाही आणि ह्यांना पाकिटं हवीत!

पण निम्मे आहेर ह्यांनी स्वतःच्या हाताने कधी केलेच नाहीत. आम्ही कतारमध्ये, लग्नं नाशिकला, आणि ह्यांची सुट्टी कधी लग्नसराईला धरून मिळाली नाही. मग जाऊबाईंना फोन जायचा, आमच्या नावाचं पाकीट द्या, मागाहून बघू. याच्या उलटही व्हायचं. ह्यांची एक आत्या होती, तिला आहेर करणं झेपत नसे. तिच्या नावाने हे परस्पर पाकीट पाठवायचे, म्हणजे चार बायकांत तिची मान खाली जायला नको. पैसे एकाचे, नाव दुसऱ्याचं. आमच्याकडे याला कुणी खोटेपणा म्हणत नाही, जाण म्हणतात.

आमची लेक इथेच, दोहातल्या फरीज बिन ओमरान भागात, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मोठी झाली. मी मराठीत ओरडायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि हे रास लफानच्या गॅस प्लँटवरून थकून आले की दोघींच्या मध्ये बसून हसायचे. शिकायला अमेरिकेत गेली ती तिथलीच झाली. तिथलं नागरिकत्व घेतलं तेव्हा मला आतून तुटल्यासारखं झालं. ह्यांनी मात्र कंपनीच्या बसमध्ये पेढे वाटले. निदान एकाला तरी मत देता येईल, म्हणाले. ह्यांना इथे मत नव्हतं, आणि मतदानासाठी तिकिटं काढून नाशिकला कोण जातो?

मग एका शुक्रवारी तिने फोनवर सांगितलं की ती खजिनदार झाली आहे. तिच्या गावात शाळा चालवणाऱ्या मंडळाची निवडणूक होती. काही उमेदवारांना मदत म्हणून शेजारपाजारच्या लोकांनी पैसे गोळा करणारी समिती काढली होती. तिथे अशा समितीला पॅक म्हणतात. हे खुर्ची ओढून फोनच्या अगदी जवळ बसले. तिने समजावलं, की कोणी किती दिले, देणारा राहतो कुठे, काम काय करतो, कोणाकडे करतो, हे सगळं ठरलेल्या तारखेला सरकारला कळवावं लागतं. ते वेबसाइटवर चढतं आणि कुणालाही वाचता येतं. खाली सही खजिनदाराची. चूक निघाली तर जाब तिलाच.

ह्यांना हे भलतंच आवडलं. प्लँटवर काम सुरू होण्याआधी परवान्यावर सही करायचं काम ह्यांचं होतं, त्यामुळे सहीचं वजन ह्यांना ठाऊक होतं. आपल्याकडे असं कुठे असतं, म्हणाले, आणि मी किती पाठवू ते सांग.

ती हसली. बाबा, तुम्हाला नाही देता येणार, म्हणाली. तिथल्या निवडणुकीत परदेशी माणसाचा पैसा चालत नाही. थोडासुद्धा नाही. तिथलं नागरिक असावं लागतं, नाहीतर कायमच्या वास्तव्याचा परवाना तरी लागतो. हेही हसले, बरं बाई, तुझा कायदा, म्हणाले. मला वाटलं विषय संपला.

कसला संपतोय! दोनच दिवसांनी चहा पिता पिता ह्यांनी मला खुशीत सांगितलं की काम झालं. माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत राहते, गेली कित्येक वर्षं तिथली नागरिक आहे. तिने स्वतःच्या नावाने समितीला पाचशे एक डॉलर द्यायचे, आणि ह्यांनी तेवढे तिच्या नाशिकच्या खात्यात भरायचे. ह्यांनी ते भरलेही होते. बहिणीनेही लगेच दिले. भाचीचं कौतुक, मेहुण्यांचा शब्द, तिला त्यात वावगं काय दिसणार?

मी म्हटलं, ती स्पष्ट नको म्हणाली होती ना? एवढं समजावलं ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी? तर म्हणाले, माझ्या नावाने नको म्हणाली. माझं नाव कुठे आलंय? आणि ते खरंच तसं समजत होते. त्यात लबाडी नव्हती. लेकीने नवं घर मांडलं होतं, आणि तिथे बापाचं पाकीट पोचायला हवं होतं, एवढंच.

पुढचा अहवाल तयार करताना लेकीला मावशीचं नाव दिसलं, त्यापुढे रक्कम दिसली. अमेरिकेत कोण पाचशे एक डॉलर देतो? तिने मावशीला फोन केला, आणि मावशीने काही न लपवता सगळं सांगितलं, वर आणि म्हणाली, तुझ्या बाबांचे आशीर्वाद समज.

त्या शुक्रवारी फोनच्या पडद्यावर लेकीचा चेहरा सुजलेला होता. ती ओरडली नाही, त्याचंच मला भय वाटलं. तिने ह्यांना सांगितलं की दुसऱ्याच्या नावाने पैसे देणं हाच तिथे मोठा गुन्हा आहे. ती हे झाकून ठेवून सही करू शकत नाही. झाकलं तर ती अडकेल, मावशीही अडकेल. ती पैसे परत करणार होती, अहवाल दुरुस्त करून सगळं खरं लिहिणार होती, आणि खजिनदारपद सोडणार होती.

"बाबा, सही माझी आहे," ती नेहमीसारखी इंग्रजीतच म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत ना, सहीची चेष्टा करायची नाही?"

हे उठले, आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

समितीने बहिणीला पैसे परत केले. तिने ह्यांना फोन केला, तुमचे तुम्हाला कसे पाठवू? हे म्हणाले, दिलेला आहेर परत येतो तो लग्न मोडलं तरच. ठेव तुझ्याकडे. खलास. तिने ते एका पाकिटात घालून कपाटात ठेवून दिले.

दुरुस्त केलेला अहवाल वेबसाइटवर आला, तो ह्यांनी फोनवर शोधून वाचला आणि घरी येऊन मलाही दाखवला. नोंदीखाली लेकीने खुलासा लिहिला होता. ही रक्कम या बाईंची नाही, ती खजिनदाराच्या वडिलांची आहे. ते भारताचे नागरिक, कतारमध्ये राहतात. परदेशी व्यक्तीकडून आलेली म्हणून परत केली. खाली तिचं नाव. पोटच्या पोरीने बापाला जगासमोर परदेशी व्यक्ती म्हणून लिहावं, हे मला सहन होईना. मी तिला बरंवाईट बोलायला लागले, तर ह्यांनी हातानेच मला थांबवलं. "सगळं खरं लिहिलंय," म्हणाले.

पण त्यानंतर ते तिच्या फोनवर आले नाहीत. शुक्रवारी फोन वाजला की आत जाऊन पडायचे. ती विचारायची, बाबा? मी म्हणायचे, झोपलेत गं, शिफ्टने दमलेत. ते जागे असायचे हे मला माहीत होतं, आणि तिलाही माहीत होतं. ती मुद्दाम मोठ्याने बोलायची, आत ऐकू जाईल असं. मी फोन ठेवून आत गेले की हे विचारायचे, खोकला कमी झाला का तिचा? मी म्हणायचे, तुम्हाला दोन कान आहेत, एक तोंडही आहे, विचारा की तुम्हीच. कूस बदलायचे. असे किती शुक्रवार गेले ते मला मोजायचे नाहीत.

शेवटी मीच एकदा दम दिला, की आता पुढच्या शुक्रवारी उठून बसला नाहीत तर फोन आत आणून तोंडासमोर धरीन. बरं, म्हणाले. खरंच बरं म्हणाले. त्याच आठवड्यात एका सकाळी हे नेहमीसारखे डबा घेऊन बसमध्ये चढले आणि रास लफानला बस थांबली तेव्हा उतरले नाहीत.

मला फोन आला तो रत्नागिरीच्या एका भाईंचा. इतकी वर्षं बसमध्ये ह्यांच्या शेजारची जागा त्यांची. 

"वैनी, आमाला वाटला, निजलेत."

आणि मग मला लेकीला फोन करायचा होता. तिने उचलला, तिच्याकडे रात्र होती, आणि सवयीने की भीतीने, तिने तेच विचारलं, बाबा? माझ्या तोंडात जे वाक्य यायचं ते आलं. झोपलेत गं. दुसरं काही मला सांगताच येईना. आणि तिचा जो आवाज आला तो अजून माझ्या कानातून जात नाही.

ती आली. जिथे वाढली त्या गावात पासपोर्टवर पाहुण्याचा शिक्का मारून घेऊन आली. ह्यांना नाशिकला न्यायचे कागद तिनेच धावपळ करून पुरे केले. निघायच्या आदल्या दिवशी भाई घरी आले. लेकीला म्हणाले की तिने लिहिलेला तो कागद ह्यांनी बसमध्ये साऱ्यांना दाखवला होता. माझ्या पोरीने सही करताना बापालाही सोडलं नाही, असं सांगत फिरत होते.

"मग माझ्याशी का नाही बोलले?" तिने विचारलं.

भाई म्हणाले, "लाज वाटायची त्यांना, बेटा. तुझ्यासमोर यायला."

भाई गेल्यावर मी ह्यांच्या फोटोला भांड भांड भांडले. बसमधल्या परक्या लोकांना सांगता आलं, आणि पोरीला दोन शब्द सांगायला काय झालं होतं? तुमची लाज मोठी की तुमची पोर? फोटोतही तसेच हसत होते.

नाशिकला तेराव्याला माझी बहीण आली. ती न्यू जर्सीहून ते कपाटातलं पाकीट घेऊन आली होती. मला म्हणाली, ताई, हे माझ्याकडे ठेवून मला झोप येत नाही. मी म्हटलं, लेकीला दे, तिच्यासाठीच होतं ते. माणसं दुखवट्याची पाकिटं आणून फोटोसमोरच्या ताटात ठेवत होती. लेक उठली आणि हे पाकीटही त्यात ठेवायला लागली.

मावशीने तिचा हात धरला. दुखवट्यात वरचा एक ठेवत नाहीत, हळूच म्हणाली. असल्या गोष्टीत पुढे चालू ठेवायचं नसतं.

लेकीने पाकीट उघडलं, त्यातली एक डॉलरची नोट काढून घेतली आणि बाकीचं ताटात ठेवलं. मग माझ्याजवळ येऊन बसली. इतक्या वर्षांत प्रथमच तिने मला आपणहून मराठीत काही विचारलं.

"आई, मग हा एक मी कुणाला देऊ?"

 ती नोट तिच्या मुठीतच राहिली.