खासगी अकरा

गुरुजींच्या बंदुकीला आम्ही 'म्हातारी' म्हणायचो. म्हातारी होती तिकडे, गुरुजींच्या गावाकडे तालुक्याच्या पोलीस ठाण्यात, कपाटात बंद. आणि आम्ही दोघं, गुरुजी न् मी, इकडे सिंगापुरात ईस्ट कोस्टला, त्यांच्या मुलाच्या कॉन्डोतल्या फ्लॅटमध्ये, डायनिंग टेबलावर तिचे फोटो मोठे करून बघत बसायचो. तरी नाव घ्यायची चोरी. एकदा लिफ्टमध्ये गुरुजी वर्गातल्या आवाजात म्हणाले, "आपल्या गनचं जर्मनीहून काही आलं का रे?" शेजारी दोन अनोळखी माणसं. नात ओरडली, "आजोबा! डोन्ट से गन इन द लिफ्ट, लाह!" मी घाईने पुढच्याच मजल्याचं बटण दाबलं. या देशात बंदुकीचा कायदा किती कडक, ते कामावर येतानाच कानावर घातलेलं असतं. फोटो बघायला बंदी नाही, हे गुरुजींनी मला किती वेळा समजावलं. तरी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसलो की मी फोन उलटा धरायचो. कामाचं परमिट गेलं म्हणजे?

मी जुरोंग आयलंडवर, तेल-रसायनांच्या एका प्लांटवर फिटर आहे. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा शाळा सुटली आणि मी लेथच्या कारखान्यात लागलो, तिथून फिरत फिरत इथवर आलो. गुरुजींचे चिरंजीव आमच्याच प्लांटवर इंजिनिअर, म्हणजे माझे साहेब. बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमात मी पंगतीत भाजी वाढत होतो, तेव्हा ते म्हणाले, "आबांना इथे करमत नाही. रविवारी येत जा ना घरी." गेलो, पण सोफ्याच्या कडेवरच बसलो. गुरुजींनी विचारलं, "किती शिकलास?"

"नववी नापास."

"नापास झालास की शाळा सोडलीस?"

"सोडली."

"मग नापास कशाला म्हणतोस? परीक्षेला बसलाच नाहीस."

इतकी वर्षं मी स्वतःला नापास म्हणत आलो होतो. त्या दिवसापासून म्हणत नाही. त्यांचे उपकार मोजायला बसलो तर सुरुवात इथून करावी लागेल.

मग त्यांनी बंदुकीची गोष्ट सांगितली. त्यांचे पणजोबा एका लहान संस्थानात शिकारीच्या वेळी माग काढायचे. ज्याची सावलीसुद्धा गावच्या विहिरीवर चालत नव्हती, असा तो माणूस. एकदा जखमी बिबट्या राजेसाहेबांवर चालून आला. पणजोबा मध्ये पडले, खांदा फाडून घेतला. राजेसाहेबांनी खास जर्मनीहून मागवलेली तीन नळ्यांची बंदूक त्यांच्या हातात ठेवली आणि दस्त्यावरच्या चांदीच्या पट्टीवर कोरून दिलं : खासगी. म्हणजे ही याची स्वतःची, कोणी हात लावायचा नाही. गुरुजी उभे राहून, खांदा पुढे काढून ही गोष्ट सांगायचे. नातीला ती पाठ होती, तरी बिबट्याच्या जागी ती गप्प व्हायची.

पुढे संस्थान विलीन झालं. परवाना आजोबांच्या नावावर झाला, मग वडिलांच्या, मग थोरल्या भावाच्या. भाऊ वारले आणि म्हातारी ठाण्यात जमा झाली. आता पोलिसांचं म्हणणं, वारसांनी रीतसर अर्ज करावा, नाहीतर ती सरकारजमा होईल. गावाकडचा पुतण्या अर्ज तयार करून बसला होता. गुरुजींच्या मनात वेगळंच होतं. बंदूक निकामी करून घ्यायची आणि वस्तीतल्या वाचनालयात काचेच्या पेटीत ठेवायची. खाली एक पाटी : कुठे घडली, कोणी मागवली, कोणाला दिली. "पोरांना कळू दे, आपल्या माणसाच्या हातात काय होतं ते," ते म्हणायचे. पण पाटीवरचा शब्द न् शब्द खरा हवा. आयुष्यभर इतिहास शिकवलेला माणूस. ऐकीव चालणार नाही म्हणाले.

म्हणून आमचा शोध. पुतण्याने पाठवलेले फोटो मी मोठे करायचो आणि गुरुजी नळीवरचे ठसे इंटरनेटवरच्या ठशांशी लावून बघायचे. जर्मनीत बंदूक तपासून तिच्यावर मुकुट आणि अक्षर ठोकायचे. मुकुटाखाली यू, म्हणजे तपासलेली. त्याचा जर्मन शब्द गुरुजी म्हणायचे 'उंटरझूख्ट'. मला तो 'उंट सुखात' असाच लक्षात राहिला. मुकुटाखाली जी, म्हणजे नळीत आटे पाडलेत. आटे म्हटल्यावर मला धीर आला, ते आपल्या कामातलं. आणि या जातीच्या बंदुकीला तिकडे म्हणतात 'ड्रिलिंग'.

"ड्रिलिंग मला येतं, गुरुजी," मी म्हणालो.

ते इतके हसले की चष्मा काढावा लागला. "अरे, भोकं पाडायचं नव्हे. जर्मनमध्ये ड्रिलिंग म्हणजे तिळं! तीन नळ्या, तीन भावंडं." बंदूक ज्या गावात घडली त्या गावाचं नाव झूल. मी म्हटलं, पोळ्याला बैलावर घालतात ती? तेव्हा तर सूनबाई आतून बघायला आल्या, काय झालं म्हणून. खरं सांगतो, शाळेत मला असं कोणी हसवलं असतं तर मी शाळा सोडली नसती. सोडावी लागली असती, पण रडून सोडली असती.

जर्मनीतल्या एका निवृत्त बंदूक कारागिराला गुरुजींनी फोटो पाठवले होते. त्याचं उत्तर आलं : पहिल्या महायुद्धाच्या आधीची आहे, काम चांगलं आहे, पण कोणासाठी घडवली हे वरून कळणार नाही. नळ्यांच्या खालचं लाकूड उतरवा, आतले ठसे दाखवा. पुतण्याने ठाण्यातल्या हवालदारांना चहा पाजून, विनवण्या करून ते लाकूड उतरवून घेतलं आणि फोटो पाठवला.

फोटो माझ्या फोनवर उघडला होता. काळपट लोखंड, मुकुट, अक्षरं, आणि त्यांच्या बाजूला आपल्या लिपीत ठोकलेलं. मी हरखून गेलो. "गुरुजी, इथेही लिहिलंय! खासगी अकरा." आणि त्याच आनंदात, खरंच आनंदात, विचारलं, "तुमच्या घरात अकरा बंदुका होत्या?"

गुरुजींनी फोन माझ्या हातातून घेतला. बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, अक्षर लागत नसेल. मी त्यांचा चष्मा शोधायला लागलो, तर तो त्यांच्या डोळ्यांवरच होता.

"नव्हत्या," ते म्हणाले. "आमच्या घरात अकरा भांडी नव्हती."

मग हळू आवाजात, जसं वर्गात मागच्या बाकावरच्या पोराला समजावतात तसं, मला सांगितलं. संस्थानात 'खासगी' नावाचं खातंच असायचं. राजाचा स्वतःचा कारभार. घोडे, हत्ती, मुदपाकखाना, शिकारीचा सरंजाम, सगळं खासगीकडे. हत्यारांवर खात्याचं नाव आणि अनुक्रमांक टाकायचे. "हे मी शाळेत शिकवलंय रे. फळ्यावर लिहून दिलंय. आणि घरातल्या पट्टीवर तोच शब्द वाचून आम्ही चार पिढ्या म्हणतोय, आमची खासगी."

मी म्हणालो, "पण बिबट्या तर खरा असेल. खांदा फाटलेला…"

"असेल. बंदूक सांभाळायला दिली असेल, राजेसाहेबांच्या मागे धरून चालायला. मग संस्थानच गेलं, परत मागायला कोणी आलं नाही."

त्यांचा आवाज कुठेही कापला नाही. तेच मला जास्त लागलं. सूनबाईंनी पोहे आणून ठेवले. आम्ही खाल्ले.

पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा साहेब आणि गुरुजी बोलत होते. साहेब चिडले होते. "आबा, कायद्यानं ती आपलीच आहे. परवाना आपल्या नावावर होता. पाटीवर फक्त 'पणजोबांकडे होती' एवढंच लिहा ना!"

"पोरं विचारतील, कशी आली? काय सांगू?"

"सांगा, राजानं दिली! कोण तपासायला येतंय?"

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं आणि हसले. "हा आला ना."

ते चेष्टेने म्हणाले. अजूनही म्हणतात अधूनमधून, पाहुण्यांसमोर, कौतुकाने. दर वेळी मला जमिनीत गडप व्हावंसं वाटतं. गुरुजींनी पुतण्याला फोन करून सांगितलं, अर्ज करू नकोस, सरकारजमा होऊ दे. पुतण्या फोनवर जे बोलला ते स्पीकरवर सगळ्यांनी ऐकलं. "सिंगापुरात बसून पणजोबाला चोर ठरवलंत, काका." गुरुजी म्हणाले, "चोर नाही म्हणालो मी." पलीकडून फोन बंद झाला होता.

म्हातारी गेली. अशा बंदुका पुढे कापून वितळवतात, असं पुतण्याने नंतर कळवलं. तोडणार त्या दिवशी फोटो पाठवू का, असंही विचारलं होतं.

गुरुजींशी काय बोलायला हवं होतं ते मला खूप नंतर सुचलं. कामावर माझ्या हातात जो पाना असतो, त्यावर कंपनीचं नाव आणि नंबर आहे. माझा अंगठा बसतो तिथे तो गुळगुळीत झालाय. दुसऱ्या कोणी उचलला तर मला राग येतो. ईस्ट कोस्टच्या पार्कात चालताना मी हे त्यांना सांगितलं. म्हणालो, गुरुजी, पाटीवर असं काही लिहिता आलं असतं. धरून चालायलासुद्धा राजाला दुसरा कोणी मिळाला नसता का? तरी पणजोबांच्याच हातात दिली.

ते थांबले. समुद्राकडे तोंड केलं. "हे तेव्हा का नाही बोललास?"

"सुचलं नाही."

"मलाही नाही सुचलं," ते म्हणाले आणि चालायला लागले.

परवा घरी कोणी पाहुणे आले होते. नातीने हट्ट धरला, आजोबा, बिबट्याची स्टोरी सांगा. गुरुजी उठले नाहीत. बसल्या जागेवरूनच म्हणाले, "आमच्या पणजोबांकडे राजाची एक बंदूक होती." पाहुणे पुढचं ऐकायला थांबले. नातही थांबली. मी खुर्चीवरून उठून उगाच पाणी प्यायला आत गेलो. पूर्वी ही गोष्ट सगळ्यांचा चहा निवेपर्यंत चालायची.