बैलगाडी सांगायची कशी

अकोटच्या शाळेत पहिली-दुसरीच्या मास्तरांना शिकवायला एक प्रशिक्षक बाई अकोल्याहून एसटीने यायच्या. अंबाड्यात खडू खोचलेला असे. कुणी चहा दिला तरी विचारायच्या, "पुढं काय?" लेकरांनी चित्र काढायची एकेक पायरी आधी तोंडाने सांगावी, मग तीच वाक्यं लिहून वाचावी, हा त्यांचा हट्ट.

लेकरावर छडी उगारणं हा गुन्हा आहे, असं मी, तिथलाच एक मास्तर, पत्रकं वाटून ओरडत होतो. एकाही मास्तराची छडी त्यानं सुटली नव्हती. सगळ्यांत कडक छडी आमच्या थोरल्या गुरुजींची.

एका शनिवारी बाईंनी त्यांनाच उभं केलं. "गुरुजी, बैलगाडी सांगा. मी फळ्यावर काढते. मले काईच येत नाई, असं समजा."

"दोन चाकं काढा," गुरुजी म्हणाले. बाईंनी एक भोपळ्याएवढं काढलं, दुसरं लिंबाएवढं.

"त्याच्यावर गाडी. पुढं बैल." बाईंनी बैलाचं तोंड गाडीकडेच केलं. आम्ही पोट धरून हसलो.

गुरुजी तापले. "अवो बाई, पोरगं असतं तं आतापर्यंत छडी खाल्ली असती."

बाईंनी तळहात पुढे केला. "मंग द्या. तुमी सांगतलं तसंच काढलं मी."

गुरुजी त्या हाताकडे पाहत राहिले. मग हातातली छडी टेबलावर ठेवून त्यांनी स्वतः फळा पुसला.

"पयले एक चाक काढा," ते खाकरून म्हणाले. "मंग तेवढंच मोठं दुसरं. अन् माहं सांगणं चुकलं तं तिथंच थांबवा मले."