उतरती रेघ

वर्तमानपत्राच्या कचेरीत सानिका जुन्या-नव्या चित्रपटगीतांची आकडेवारी मांडत होती. गायकाचा आवाज येण्याआधी वाद्यं किती वेळ वाजतात, हे तिने गाण्यागणिक मोजलं होतं. संगणकावरच्या आलेखाची रेघ काळाबरोबर खाली येत होती. ती पडताळायला तिने दिगंबरकाकांना बोलावलं होतं. ते पूर्वी रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवत.

आवाजाआधीच्या त्या वेळेच्या रकान्याला तिने नाव दिलं होतं, ‘रिकामा भाग’.

“रिकामा कसा गं? तिथं आम्ही वीस-वीस जण दाटीनं बसायचो.”

“सॉरी काका, बदलते.”

रेघ उतरू लागते तिथं काकांनी बोट टेकवलं. “इथंच मला बोलावणं बंद झालं.”

“सगळ्यांचंच झालं असेल ना?”

“तेव्हा कोण सांगणार? मला वाटलं, माझाच हात बिघडला. वाजवणंच सोडलं मी.”

लोकांची आवड बदलते, ती कोणाला कळवून नाही. ज्याचं काम थांबतं, तो दोष स्वतःतच शोधतो. आलेख फार मागाहून येतो.

सानिका रकान्याचं नाव खोडत होती. टेबलाच्या कडेवर काकांच्या डाव्या हाताची बोटं तारांवर फिरावीत तशी फिरत होती. त्यांत काही बिघाड दिसत नव्हता.