मशीनचं रुसणं

आमचे हे शेंद्र्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत कामाला आहेत. तिथल्या कुणाचं तरी बघून यांनी घरी झाडणारी मशीन आणली. ताटाएवढी, काळी, गोल. बटण दाबलं की आपली आपण घरभर फिरते. "तुझी कंबर धरते म्हणून आणली," असं हे म्हणाले. मला बरं वाटायला हवं होतं.

सासूबाई गुडघ्यांमुळं खुर्चीतच बसून असतात. मी केर काढायला गेले की म्हणायच्या, "झाड की आजूबाजूनं. मला काय पाय उचलाया लावती?" मी आजूबाजूनं झाडायची. मशीन मात्र त्यांच्या पायाला हळूच टेकली, थोडी मागं सरली, पुन्हा टेकली. सासूबाईंनी कण्हत दोन्ही पाय वर धरले. "ये माय, ये. कशी विचारून येती बघा!"

त्या दिवसापासून ती मला डोळ्यासमोर नको झाली.

गुलमंडीत खरेदीला आलेली नणंद दुपारी घरी टेकली. मशीन खोलीत आली, तिच्या पायांशी अडखळली, वळली आणि पलंगाखाली गेली. नणंद हसली. "लई लाजाळू हाय गं ही. गरीब बिचारी!" मीही तेव्हाच चहा ठेवून आत वळले होते. लग्न होऊन आले तेव्हापासून मी अशीच वळते. मला या घरात घुमी म्हणतात.

एका संध्याकाळी मशीन पलंगाखाली अडकून बसली. हे कंपनीच्या कपड्यांतच फरशीवर आडवे झाले. "काय गं, रुसली का? कुणी बोललं का तुला? ये बाहेर."

मी खरकटी ताटं घेऊन मागं उभी होते. यांना इतक्या हळू आवाजात बोलता येतं, हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मधल्या दारात थांबले. मुद्दामच. हातातलं काम सोडून, मान खाली घालून. ती थांबते तशी. कुणी विचारतं का, एवढंच बघायचं होतं. हे बूट घालत होते.

"अशी मधीच काय उभी राहिलीस?" सासूबाई म्हणाल्या. "उजेड येईना मला."

यांनी वर न बघता विचारलं, "डबा झाला का?"

डबा कधीचाच झाला होता. तो आणायला मी दारातून हलले आणि माझं रुसणं तिथंच संपलं.