काकांचं मशीन आणि दोन भाड्याची

आमच्या माजिवड्याच्या ऑफिसात पँट्रीला लागून एक अरुंद खोली होती. तिथला एसी कधी बंद व्हायचा नाही आणि दारावर कागद चिकटवलेला होता: चपला बाहेर काढा. आत काकांचं मशीन होतं.

काका नात्याने कोणाचेच नव्हते. पन्नाशी ओलांडलेले, कंपनी सुरू झाली तेव्हापासूनचे. राहायला कोपरला. मी कोपरीची हे कळल्यावर म्हणाले, "झालं. आता कुरिअरवाला तुझं पार्सल माझ्याकडे आणि माझं तुझ्याकडे टाकणार." पहिल्या दिवशी माझ्याशी कोणी बोललं ते एवढंच, म्हणून लक्षात आहे.

आम्ही आठ-दहा जण एकाच सॉफ्टवेअरवर काम करायचो. प्रत्येकाचा कोड त्या मशीनकडे जायचा. मशीन सगळ्यांचं काम एकत्र जोडून तपासायचं. ठीक असेल तर स्क्रीनवर हिरवं, कोणी काही मोडलं असेल तर लाल. पण एका वेळी ते एकाचंच काम घ्यायचं. त्यामुळे कोड पाठवण्याआधी जागेवरून ओरडायची पद्धत होती.

"काका, टाकू?"

"थांब रे, आधीचं होऊ दे. तुझं काय ट्रेन सुटतेय?"

मला ओरडणं जमायचं नाही. मी उठून त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहायची. ते वर न बघताच म्हणायचे, "टाक गं."

मग नवीन मॅनेजर आला. मराठीच, पण ऑफिसात बोलायचा हिंदी-इंग्रजी मिसळून. त्याने मला केबिनमध्ये बोलावलं. काकांच्या मशीनचं काम करणाऱ्या दोन सेवा इंटरनेटवर भाड्याने मिळत होत्या. त्या दोन्ही आणि आपलं मशीन काही आठवडे शेजारी शेजारी चालवायचं आणि तुलना करून तक्ता द्यायचा.

"इमोशनल काही नको. मला डेटा दे. तू कोणाच्या ग्रुपमध्ये नसतेस, इसलिए तुला सांगतोय."

संध्याकाळी चहाच्या टपरीवर काका स्वतःहून शेजारी येऊन उभे राहिले.

"मलापण बोलावलेलं त्याने. म्हणाला, भाड्याचं आणलं तरी ते सांभाळायला माणूस लागेल, तुम्ही त्यात बसता का बघू. बसता का, म्हणे. म्हणजे तुझ्या तक्त्यात नुसतं मशीन नाहीये, मी पण आहे."

"तसं नाही, काका."

"तसंच आहे. पण खरं लिही. ह्यांची मुलगी बारावीला आहे वगैरे मनात आणू नकोस."

ते माझ्या मनात त्यांनीच आणून दिलं होतं, पण मी चहा पीत राहिले.

मी खरं लिहीत गेले. काकांचं मशीन हळू होतं. दुपारनंतर कामं तुंबायची. भाड्याच्या दोन्ही सेवा एकाच वेळी अनेकांची कामं घ्यायच्या. पण त्यातली एक अधूनमधून उगाच लाल व्हायची आणि तेच काम पुन्हा पाठवलं की हिरवी. दुसरी अशी लहरी नव्हती, पण अडली की मेल करायचा आणि उत्तराची वाट बघायची. काकांचं अडलं की काका चपला काढून आत जायचे. शिवाय आमच्या सगळ्यात जुन्या ग्राहकाचा कोड भाड्याच्या दोघींनाही धड जोडता येत नव्हता. काकांच्या मशीनवर तो निमूट जोडला जायचा. तक्ता एकतर्फी नव्हता. काकांना त्यात जागा होती, असं मला तेव्हा खरंच वाटत होतं.

त्यातच खंडेनवमी आली.

आमच्याकडे त्या दिवशी जेवणानंतर मशीनची पूजा व्हायची. काका ते पुसून घ्यायचे, हळदकुंकू लावायचे, झेंडूची माळ घालायचे आणि मग स्वतःच्या हाताने बंद करायचे. पूजा झालेलं अवजार दसरा होईपर्यंत चालवायचं नाही, म्हणून. हे सगळ्यांना माहीत असायचं. त्या दुपारी कोणी काही पाठवायचं नाही. पेढे, साड्या, फोटो. नवीन मॅनेजरही फोटोत पुढे उभा राहिला.

मी मागे उभी होते. आम्ही बौद्ध, घरी पूजा नसते. ऑफिसात हे कोणी विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. काकांना ठाऊक असावं. सगळ्यांच्या कपाळाला कुंकू लावत येताना ते माझ्या हातावर फक्त पेढा ठेवायचे आणि पुढे जायचे. त्यात समजूतदारपणा होता की आणखी काही, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

तुलनेची कामं मात्र मी आपोआप जातील अशी लावून ठेवली होती. भाड्याच्या दोघी सणभर चालू राहिल्या. काकांच्या मशीनच्या रकान्यात तेवढा वेळ एकच शब्द उमटत राहिला: बंद.

ते दिवस तिन्हींच्या हिशेबातून काढून टाकता आले असते. पण पूजेचा विषय मी, आणि तोही न सांगता, पुसून टाकला असं उद्या कोणी म्हटलं तर? त्यापेक्षा स्पष्ट लिहावं, आदराने लिहावं. शाळेपासून मी जे काही लिहिलं ते इंग्रजीतच, तसंच हेही लिहिलं. हा बिघाड नाही. मशीन सांभाळणारी व्यक्ती दर वर्षी या दिवशी ते स्वतः बंद करते. टीमला याची पूर्ण कल्पना असते आणि कोणाचंही काम अडत नाही. दुसऱ्या कुठल्या नोंदीवर मी एवढी मेहनत घेतली नव्हती.

पाठवण्याआधी ती नोंद काकांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली.

"छान लिहिलंयस. माझ्याबद्दल इंग्रजीत एवढं चांगलं आजवर कोणी लिहिलेलं नाही."

मीटिंगला आम्ही तिघं होतो. मॅनेजर, कंपनीचे मालक आणि मी. मॅनेजरने तक्ता भराभर खाली सरकवला आणि माझ्या नोंदीवर येऊन थांबला.

"वन मिनिट. म्हणजे एक माणूस हाताने मशीन बंद करतो आणि पूरी टीम चुपचाप बसते?"

"वर्षातून एकदाच, सर. सगळ्यांना माहीत असतं."

"तेच तर! सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी काही बोलत नाही. आज पूजा आहे, उद्या हा माणूस आजारी पडला, परवा रुसला. आपलं सगळं काम एका माणसाच्या मर्जीवर?"

तुम्हीही होतात की फोटोत, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "जुन्या ग्राहकाचा कोड फक्त तिथेच चालतो."

"वो देख लेंगे." मग तो मालकांकडे वळला. "बघा सर, हा पॉइंट मला दिसलाच नव्हता. हिने पकडला." मालकांनी माझ्याकडे बघून मान हलवली. कौतुकाची.

काकांना महिनाअखेरीस काम सोडायला सांगितलं. भाड्याची दुसरी सेवा घेतली आणि ती सांभाळायचं काम मला दिलं. काका जाताना सगळ्यांशी हसून बोलले, माझ्याशीही. "तू काय करणार गं त्याला," एवढंच म्हणाले. त्यांनी रागवायला हवं होतं.

काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. मुलाखतींना सगळीकडे ह्या भाड्याच्या सेवांबद्दलच विचारतात; रविवारी येऊन दाखवशील का? मी कोपरला गेले. काकूंनी पोहे दिले. मुलगी आतल्या खोलीत अभ्यास करत होती, म्हणून आम्ही हळू आवाजात बोलत होतो.

काका भराभर शिकले. पहिलंच काम हिरवं झालं. मग त्यांनी मुद्दाम एक ओळ बिघडवून पाठवलं. क्षणात लाल. कोणी मोडलं, कुठल्या ओळीत मोडलं, याचा मेलही आपोआप आला. तो मेल ते बराच वेळ बघत होते.

"मुलाखतीत विचारतात, ह्यात तुमचा रोल काय असेल. काय सांगायचं?"

मी सांगायला लागले. सुरुवातीची मांडणी करायची. कोणाला काय करायची परवानगी आहे ते ठरवायचं. खर्चावर लक्ष ठेवायचं. ते प्रत्येक वाक्य माझ्यामागून इंग्रजीत पुटपुटत होते, पाठ करत असल्यासारखं.

"अजून?" त्यांनी विचारलं.

मी स्वतः दिवसभर काय करते ते आठवून बघितलं. बहुतेक दिवशी मी त्या सेवेचं पान उघडते, सगळं हिरवं आहे ना बघते आणि बंद करते.

"अजून सांग ना," काका म्हणाले.