बॉनेटवर रंग किती उरलाय?

मंडळी, आज सकाळी निपाणीहून आप्पांची गाडी घेऊन बेळगावला अनगोळात गेलतो. आप्पा म्हणजे माझे वडील. ऐंशी सालाच्या सुमारास त्यांनी ती नवी घेतली. मोतिया रंग अजून मूळचाच. बॉनेटवर पांढुरकी झाक आलीय, म्हणून मशीननं पॉलिश करून घ्यावं का, एवढंच विचारायचं होतं.

तिथल्या पॉलिशच्या दुकानातल्या कारागीर सुरेशनं रंगाची जाडी मोजायचं यंत्र आधी दारांना लावलं, मग बॉनेटला. तिथं आकडा अगदीच कमी आला, तसा तो थांबला.

"काका, हितं कोण घासलंय एवढं?"

"मीच की! कुणाकडं शिकलो न्हाय. आप्पा होते तेव्हापासून दर खंडेनवमीला, गाडीच्या पूजेआधी रबिंगची पेस्ट लावून आरशागत करतोय."

"लई घासलासा! आता मशीन फिरवलं तर पत्राच दिसंल."

मी बॉनेटवरनं हात फिरवला. आप्पांच्या गाडीचा रंग मीच, एवढ्या निगुतीनं, संपवत आणला होता.

सुरेशनं दारांवर हलकं मशीन फिरवलं. बॉनेटला मात्र मऊ कापडानं नुसतं मेण लावलं. म्हणाला, "झाक ऱ्हाऊ दे काका. ती पण तुमच्याच हातची न्हवं?"

तेव्हा जुन्या गाडीला हे काम करून घ्यावं का? जरूर घ्यावं, पण आधी मोजणारा आणि वेळेला 'नको' म्हणणारा माणूस शोधून. सुरेश, तुझे लई उपकार.

घरी आल्यावर सवयीनं फडकं हातात घेतलं, आणि परत ठेवून दिलं. यंदा खंडेनवमीला गाडी नुसती पाण्यानं धुणार, हार घालणार.

तुम्हीही प्रेमानं घासताय न्हवं? रंग किती उरलाय, कधी मोजलाय का?